पुंडलिकाने काय थांबवले?

(शताब्दी सोहळ्याच्या अखंड हरिनाम सप्ताहात सहाव्या दिवशी दुपारी झालेले प्रवचन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विणेकरी बाबा, चोपदार, टाळकरी, मृदंगवादक, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या मायमाउल्या आणि गावकरी मंडळी. आज मी अभंग निरूपणाला घेतलेला नाही. सहा दिवस कीर्तनं ऐकताय, उद्या काल्याचं आहे, आणि अभंग म्हणाल तर ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. समोर बसलेल्या आजी मला एखादा शब्द चुकला तर जागच्या जागी दुरुस्त करतील. मला तासभर वेळ दिलाय. त्यात एक गोष्ट बोलायची आहे आणि ती तुम्हा सगळ्यांना लहानपणापासून माहीत आहे. पुंडलिकाची.

आपली दिंडी शंभर वर्षं पंढरीला जाते. पंढरीत पोचल्यावर आपण काय करतो? चंद्रभागेत उतरतो, स्नान करतो, वाळवंटातल्या पुंडलिकाला हात जोडतो आणि मग महाद्वाराकडे वळतो. आधी भक्त, मग देव. जयघोषातसुद्धा पुंडलिकाचं नाव आधी आणि विठ्ठलाचं मागून. एवढा मान त्याला कशाचा?

तुम्ही म्हणाल, देवाला थांबवलं त्यानं. देव दारात आला, यानं वीट फेकली, म्हणाला, उभा राहा यावर, आईबापाची सेवा उरकली की येतो. आणि देव अजून उभा आहे. बरोबर. पण मायबाप हो, देवाला थांबवणं ही काय अवघड गोष्ट आहे? ते तर आपण रोज करतो. पुंडलिकानं एकदा थांबवलं, आपण सकाळ-संध्याकाळ थांबवतो. थांबवण्यानं माणूस मोठा होत असता तर या मंडपात एकही लहान माणूस सापडला नसता.

मोठेपण आहे ते कशासाठी थांबवलं त्यात. आता नीट बघा. त्याच्या हातात काम काय होतं? बापाचे पाय चेपणं. यज्ञ चालला होता का? नाही. तप चाललं होतं का? नाही. पाय चेपायचे होते. ते काल रात्रीही चेपले होते, उद्या रात्रीही चेपायचे होते. आणि दारात कोण? साक्षात वैकुंठीचा राणा. आपला हिशेब काय सांगतो? आपला हिशेब सांगतो, अरे, बापाचे पाय कुठं पळून चाललेत? देव काय रोज येतो का? ऊठ, दर्शन घे, पाय काय, नंतर चेपता येतील! मला सांगा, आपल्यापैकी किती जण बसून राहिले असते? मी तर म्हणतो, म्हातारा-म्हातारीनंच ढकलून उठवलं असतं, जा बाबा जा म्हणून.

पुंडलिक उठला नाही. मोठी गोष्ट त्यानं विटेवर उभी केली आणि हातातली लहान गोष्ट पुरी केली. आपलं बरोबर उलटं आहे. दर्शनाच्या रांगेत वीस-वीस तास उभं राहायला आपण तयार. आळंदी ते पंढरी चालायला तयार. आणि लहान गोष्ट? ती विटेवर. उभी राहा म्हणतो तिला, येतोच. वर्षं जातात. विठ्ठल विटेवर राजीखुशीनं उभा राहिला, पण आपण विटेवर उभ्या केलेल्या गोष्टी बघितल्या तर एक वीटभट्टी पुरायची नाही.

आपण देवाला ‘नाही’ कधीच म्हणत नाही, हे लक्षात घ्या. माळकरी माणसाच्या तोंडून नाही निघत नाही. आपल्याकडे त्याच्यापेक्षा गोड शब्द आहेत. बघू. करू की सवडीनं. सुगी होऊ द्या. पोरीचं लग्न उरकलं की. चातुर्मास लागला की. पुढच्या वारीला नक्की. माळ घालायची राहिली असेल तर ती पण याच वाटेनं राहते, आणि माळ घातल्यावर जे राहतं ते पण याच वाटेनं. नाही म्हणणाऱ्याचं एक बरं असतं, त्याला ठाऊक असतं आपण नाही म्हटलंय. कधीतरी रात्री झोप मोडली तर ते त्याला टोचतं. ‘बघू’ म्हणणाऱ्याला टोचतच नाही, कारण त्याच्या लेखी त्यानं होकार दिलेला आहे. हा होकार फार घातक आहे.

आता कुणी विचारील, महाराज, देवाची आज्ञा आम्हाला कळायची कशी? पांडुरंग तर काही बोलत नाही, कमरेवर हात ठेवून उभा. रास्त प्रश्न आहे. पण खरं सांगा, अडचण कळण्याची आहे का? गळ्यात माळ पडली त्या दिवशी काय सांगितलं होतं? एकादशी धर, हरिपाठ म्हण, वारी चुकवू नकोस, मद्य-मांस वर्ज्य, खोटं बोलू नकोस, परक्याच्या धनाला शिवू नकोस, परस्त्री आईसमान, आईबापाला जप. हे कळायला व्याकरण लागत नाही. यातलं एकादशी, वारी, वर्ज्य पदार्थ हे आपण पाळतो, बऱ्यापैकी पाळतो. एकादशीला साबुदाणा जास्त जातो, तो विषय आज नको. पण ‘परक्याच्या धनाला शिवू नकोस’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढं चोर-दरोडेखोर येतात. खुरपणीला आलेल्या बाईचे दोन रोज द्यायचे राहिलेत, ते नाही येत.

मी मुद्दाम हे उदाहरण घेतो. ती बाई मजुरी मागायला दारात येत नाही, लाजते. आणि आषाढात तीच बाई तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊन दिंडीत चालते. आणि ज्याच्याकडे तिचे दोन रोज आहेत तो पुढं टाळ वाजवत नाचतो. देव दोघांनाही बघतो. असं आपल्याच दिंडीत आहे असं माझं म्हणणं नाही. पण कुठल्याच दिंडीत नाही, असं छातीवर हात ठेवून मला सांगता येणार नाही. आणि तो माणूस वाईट नाही बरं का. अन्नदानाला पोतं भर गहू देईल तो. पोतं मंडपात सगळ्यांसमोर द्यायचं असतं, नाव पुकारलं जातं. दोन रोज द्यायला पोरगं पाठवलं तरी चालतं, कुणी बघत नाही, कुणी पुकारत नाही. मोठ्या गोष्टीला साक्षीदार असतात आणि लहान गोष्टीला एकटा तोच असतो, कमरेवर हात ठेवलेला. म्हणून मला वाटतं, आपली भक्ती खरी किती ते लहान गोष्टीत कळतं. मोठ्या गोष्टीत लोकलाजही मदतीला येते.

वारीत मात्र आपण असे वागत नाही, ही मोठी गंमत आहे. माउलींच्या सोहळ्यात तुम्ही चालता. संध्याकाळी तळावर समाजआरती होते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती जमतात, टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असतो, आणि चोपदारांनी चोप वर केला की एवढा मोठा समाज एका क्षणात शांत. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी तेवढी टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिथं जातात, विचारतात, ऐकून घेतात, निवाडा होतो. लगेच. तक्रार उद्याच्या मुक्कामावर नाही टाकत. मग हरवलं-सापडलं पुकारतात. कुणाचं पाकीट, कुणाची पिशवी, कुणाच्या चष्म्याचं घर. ज्याला सापडलं त्यानं त्याच दिवशी आणून दिलेलं असतं.

वारकरी तोच. वारीत सापडलेला पितळी तांब्या संध्याकाळच्या आत चोपदाराकडे पोचवतो आणि गावाकडं शेजाऱ्याची शिडी पाच वर्षं अंगणात उभी असते. शेजाऱ्यानं विचारलं तर म्हणतो, हो की, आणून देतो. असं कसं होतं? वारीत काय असतं जे गावात नसतं? मला वाटतं, वारीत ‘त्याच संध्याकाळी’ असतं. ही शिस्त आपोआप आली नाही. हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या पदरी सरदार होते. एकोणिसाव्या शतकात त्यांनी पालखी सोहळा उभा केला तेव्हा फौजेतली शिस्त त्यात आणली. कोण कुठं चालणार, कधी निघणार, कधी थांबणार. आपण शंभर वर्षं तिच्यातून चालतो आणि काला होऊन घरी आलो की ती शिस्त कोठीत ठेवून देतो, पुढच्या ज्येष्ठात काढायला.

तुम्ही शेतकरी माणसं आहात. वाफसा काय असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. पाऊस पडला, जमीन पिऊन बसली, चिखल ओसरला, मूठ दाबली तर ढेकूळ होतं आणि सोडली तर फुटतं, तो वाफसा. तो आला की दारात पाहुणा असला तरी तिफण जुंपावी लागते. पाहुणाही रागावत नाही, तोही शेतकरीच असतो. दोन दिवस चुकले, ऊन तापलं, की बियाणं तेच, रान तेच, माणूस तोच, पण उगवण विरळ. मनालाही वाफसा येतो. भावाशी बोलणं बंद आहे, आणि एखाद्या दिवशी सकाळी उगाच वाटतं, जावं त्याच्याकडं, बसावं चहाला. हा वाफसा. पांडुरंगानं पाऊस पाडला, जमीन तयार केली. आता तुमची तिफण. तुम्ही म्हणालात, जाऊ की रविवारी. रविवारी मन तापून कोरडं झालेलं असतं, मागची सगळी भांडणं आठवतात आणि पाय उचलत नाही. मग आपण म्हणतो, देवाची इच्छा नव्हती.

नाथांची एक गोष्ट सगळे कीर्तनकार सांगतात. एकनाथ महाराज लहान असताना देवगिरीला जनार्दन स्वामींकडे होते. स्वामी गडाचा कारभार बघत, हिशेबाचं काम त्यांनी नाथांकडे दिलेलं. एका रात्री हिशेबात एका पैचा मेळ लागेना. नाथ दिवा लावून बसले. रात्र सरत आली तेव्हा चूक सापडली आणि आनंदानं त्यांनी टाळी वाजवली. स्वामींनी ते पाहिलं आणि म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग संसाराची चूक सापडली तर केवढा होईल. कीर्तनात या शेवटच्या वाक्यावर निरूपण होतं, आणि व्हायलाच पाहिजे. पण माझं मन रात्री जळणाऱ्या त्या दिव्यावर जातं. एक पै! गडाच्या खजिन्यात एका पैनं काय उणं पडणार होतं? सकाळी बघू म्हणता आलं असतं. इकडची पै तिकडं मांडून मेळ दाखवता आला असता, स्वामी काय मोजायला बसणार होते? पण गुरूनं हिशेब सांगितला होता, म्हणजे पैसुद्धा सांगितली होती. शंभरातले नव्याण्णव पुरे केले म्हणजे आज्ञा पाळली, असं त्या पोराला वाटलं नाही. ज्याला पै सोडवत नाही त्याच्याच हाती पुढं भागवताची टीका लिहून पुरी होते.

तुकोबांचंही तसंच. सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली, हे आपण सांगतो आणि वैराग्य केवढं म्हणून माना डोलावतो. पण सगळी बुडवली का? नाही. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, माझा संसार आहे, मला माझा वाटा हवा. तुकोबांनी काय केलं? खतं वाटून घेतली. भावाची अर्धी भावाच्या हाती दिली आणि आपली अर्धी डोहात सोडली. वैराग्याच्या भरात भावाचा वाटा वाहून गेला नाही. आपल्यासारखा असता तर म्हणाला असता, अरे, देवाच्या नावानं बुडवतोय, तू कसला वाटा मागतोस! आणि दुसरी बाजू अशी, की भावाचं निमित्त करून तुकोबांनी आपली अर्धीही ठेवून घेतली नाहीत. कान्होबाचं ऐकून विचार बदलला, पुढच्या वर्षी बघू, असं नाही झालं. जेवढं आपलं तेवढं त्याच दिवशी आणि सगळं. मला हे अर्ध्या खतांचं माप फार मोठं वाटतं.

आता एक आपल्या दिंडीतली गोष्ट. नाव घेत नाही, ते गृहस्थ मंडपात बसलेले आहेत आणि त्यांची परवानगी घेतली आहे. वीस-बावीस वर्षं वारी न चुकलेला माणूस. एका ज्येष्ठात वडील अंथरुणाला खिळले. प्रस्थान तोंडावर आलेलं. बायको म्हणाली, मी बघते, तुम्ही जा, वारी मोडू नका. गावातले चार जण म्हणाले, माउली सांभाळतील. हा आला त्या वेळच्या विणेकरी बाबांकडं. बाबा आता वैकुंठवासी झाले. बाबांनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, “पुंडलिक कुठं बसला होता रे?” झालं. हा घरी राहिला. दिंडी वेशीपर्यंत पोचवली, विण्याला मिठी मारली, रडला आणि मागं फिरला.

पुढचं त्यांनीच मला सांगितलं. म्हणाले, महाराज, वारी सोडली हे माझ्या मनाला फार मोठं वाटत होतं. मी बापासाठी वारी सोडली, असं चार जणांना सांगतही होतो. आठवडा झाला. एका संध्याकाळी हरिपाठ म्हणत बापाजवळ बसलो होतो आणि बापानं माझा हात धरला, तर मला बोचलं. बघतो तर नखं वाढलेली, त्यात मळ. तीन आठवडे आई म्हणत होती, अरे त्यांची नखं काढ, माझ्या हाताला कंप आहे. आणि मी म्हणत होतो, काढतो, काढतो.

वारी सोडली, पण नखं राहिली. समजलं का माउली? एवढी मोठी आज्ञा पाळली त्या माणसानं, बावीस वर्षांची वारी मोडली, आणि ज्याच्यासाठी मोडली त्याची दहा नखं तीन आठवडे विटेवर उभी होती. त्यांनी हरिपाठ तिथंच थांबवला. कोमट पाणी आणलं, बापाचे हात भिजवले, नखं काढली, मग पायाची काढली. आणि मग राहिलेला हरिपाठ म्हटला. मला विचारत होते, मधेच थांबवला, दोष लागतो का? मी काय सांगणार? मी म्हटलं, देव उभा राहिला असेल तेवढा वेळ. त्याला सवय आहे.

आणि त्याला स्वतःला लहान कामाचा कमीपणा कधी वाटला? जनाबाईबरोबर दळायला बसला. गोऱ्या काकाच्या घरी मडकी घडवली. नाथांकडे श्रीखंड्या होऊन बारा वर्षं पाणी भरलं म्हणतात. पैठणला नाथांच्या वाड्यात तो रांजण आहे, नाथषष्ठीच्या दिवसांत लोक अजून भरतात. पुंडलिकाच्या गोष्टीतही बघा. तो सुधारला कुठं? काशीच्या वाटेवर, कुक्कुट ऋषींच्या आश्रमात. तिथं पहाटे त्यानं कुणाला पाहिलं? गंगा-यमुना बायांचं रूप घेऊन अंगण झाडत होत्या, सडा घालत होत्या. ज्यांच्यात डुबकी मारायला हा आईबापाला हाल करत निघाला होता, त्या नद्या एका मातृपितृभक्ताच्या दारात केरसुणी घेऊन वाकलेल्या.

गाडगेबाबांनी हीच केरसुणी हातात धरली. गावात शिरले की आधी झाडू, कीर्तन रात्री. पंढरपुरात यात्रेला लाखो लोक दर्शनाला धावत आणि बाबा लोकांनी केलेली घाण उचलत. आज आपल्या तळावरून दिंडी हलली की मागं काय उरतं? पत्रावळ्या, पेले, पाण्याच्या बाटल्या. ज्या शेतकऱ्याच्या रानात उतरलो त्याला ते आठ दिवस वेचावं लागतं. आपण म्हणतो, निघायची घाई होती. असो, हे व्यवस्थापक मंडळींना वेगळं सांगितलंय.

आता जे बोलायचं ते जरा जड आहे. शताब्दी आहे, गोड बोलावं अशी अपेक्षा असते. पण आपण लांबणीवर टाकलेल्या गोष्टींत सगळ्यात जुनी गोष्ट न बोलता गेलो तर हे प्रवचन अर्धंच होईल.

चोखोबाराय मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंतीखाली सापडून गेले. इसवी सन १३३८. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणल्या आणि महाद्वाराशी समाधी केली. नामदेवांची पायरी तिथंच आहे. आपण पायरीवर डोकं ठेवतो, चोखोबांच्या समाधीला हात लावतो आणि आत जातो. चोखोबांना जिवंतपणी आत जाता आलं नाही. आणि त्यांच्यामागून त्यांच्या लेकरांनाही नाही. आपल्या शंभर वर्षांच्या दिंडीनं पहिली वारी केली तेव्हासुद्धा ते दार त्यांना बंद होतं. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, तेव्हा ते दार उघडण्याची वाट मोकळी झाली. १३३८ ते १९४७, सहाशे नऊ वर्षं. समाधीपासून गाभाऱ्यापर्यंत चालायला किती वेळ लागतो? गर्दी नसेल तर पाच-दहा मिनिटं.

विरोध करणारे होतेच, त्यांचं सोडा. मला वाईट वाटतं ते दुसऱ्यांचं. ज्यांना पटलेलं होतं. जे चोखोबांचे अभंग डोळ्यात पाणी आणून म्हणत होते. भेदाभेद अमंगळ हे ज्यांना कीर्तनातून पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं होतं. त्यांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी टाळ वाजवले आणि आत गेले. एखाद्या वर्षी सगळ्या दिंड्या समाधीपाशी बसून राहिल्या असत्या, चोखोबांची लेकरं येत नाहीत तोवर आम्हीही आत येत नाही म्हणून? समाजआरतीत तक्रार असलेली दिंडी टाळ थांबवत नाही. तसे महाद्वाराशी टाळ वाजत राहायला हवे होते. गुरुजींना एकट्याला उपाशी बसायला लागलं नसतं.

ते झालं जुनं, तुम्ही म्हणाल. दार उघडून पंचाहत्तरहून जास्त वर्षं झाली. खरं आहे. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, जात विचारत नाही. जगात कुठं नसेल असं हे आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण पंढरीच्या वाटेवर ज्याच्या पाया पडलात, तो गावात तुमच्या दारी आला तर ओट्यावर बसतो की घरात? चहा कुठल्या कपातून जातो? त्याच्या घरच्या पंगतीला तुम्ही जेवायला गेलात का, की पाकीट पाठवून मोकळे झालात? हे सहाशे वर्षांचं काम नाही, कायदा लागत नाही, उपोषण लागत नाही. एका कपाचं काम आहे. आणि ज्यांना हे पटलेलं आहे, त्यांनाच मी म्हणतोय. ज्यांना पटलेलं नाही त्यांच्याशी पुन्हा कधी तरी बोलू.

एका माउलींनी काल मला विचारलं, महाराज, इतकं सगळं राहिलंय की कुठून सुरुवात करू तेच कळत नाही. त्यांना मी म्हटलं, सगळ्याची यादी करू नका. यादी करणं हेसुद्धा पुढं ढकलणंच असतं, वहीत लिहिलं की माणसाला वाटतं झालंच. आज संध्याकाळी हरिपाठाला उभ्या राहाल. टाळ चालू असताना मनात काही ना काही येतंच, कुणाचंही मन कोरं नसतं. जे पहिलं येईल, ज्याच्यापाशी जीभ अडखळेल, ते एक धरा. बाकीचं राहू द्या विटेवर. ते एक, घरी जाऊन भाकर थापायच्या आधी. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मला आत्ताच कळलं ते काय आहे. मी काही विचारलं नाही.

पाच वाजत आले. हरिपाठाची वेळ झाली, उठतो. कोठीवाल्यांनी मघाशी चिठ्ठी दिली आहे ती वाचतो. मागच्या वारीहून आल्यापासून दिंडीच्या टाळांचे नऊ जोड जमा व्हायचे आहेत. कुणाकडे आहेत ते कोठीवाल्यांना ठाऊक आहे, मला नाही, आणि ते नाव पुकारणार नाहीत. ज्यांची घरं जवळ आहेत त्यांनी पोराला धाडा, हरिपाठ उभा राहायच्या आत येतील. लांबच्यांनी रात्री कीर्तनाला येताना आणावेत. बायकांच्या रांगेला टाळ कमी पडतायत.

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!